टनल वर, पिंग चालू, टॅली चालू, पण शाखेतले फोन बंद: परत परत येणाऱ्या या प्रॉब्लेमचं मूळ आणि इलाज

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे जुळतात का बघा. हेड ऑफिस एका गावात, तीन-चार शाखा दुसऱ्या गावांत, सगळ्या व्हीपीएन टनलने (इंटरनेटवरून काढलेला खाजगी रस्ता) हेड ऑफिसला जोडलेल्या. हेड ऑफिसची लाइट जाते किंवा तिथलं नेट दोन-चार तास बंद पडतं, मग परत येतं. टनल आपोआप वर येतात, पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का बघायची छोटी हाक) जातं, टॅली उघडतं, शेअर फोल्डर उघडतो, पण शाखांमधले इंटरकॉमचे आयपी फोन रजिस्टरच होत नाहीत, म्हणजे फोनच्या सर्व्हरवर आपली हजेरी लावू शकत नाहीत. तेही सगळे नाही, एका शाखेत पाचातले तीन बंद, दुसऱ्या शाखेत एकच बंद. शाखेतला माणूस सांगतो, "दादा, नेट आहे, टॅली पण चालतंय, इंटरकॉम तेवढा मेलाय." मग कोणीतरी म्हणतं राउटर बंद करून चालू करा, तसं केलं की कधी चालू होतं कधी होत नाही, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की परत पहिल्यापासून तेच.

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, लाइटची मेन्टेनन्सची कामंही बऱ्याचदा त्याच दिवशी निघतात, त्यामुळे तिथे हेड ऑफिस असलेल्यांना हे शुक्रवारी सकाळी दिसतं आणि वाटतं की शुक्रवारी काहीतरी होतंय. शुक्रवारचा काही संबंध नाही, बिघाड गुरुवारीच होऊन बसलेला असतो, फक्त कोणी फोन उचलून बघितलेला नसतो.

उदाहरणासाठी एकच रचना धरून चालतो म्हणजे आकडे कळतील. भोसरीला हेड ऑफिस, तिथे फोनचा सर्व्हर म्हणजे पीबीएक्स, त्याचा पत्ता १०.४८.२०.५. नाशिकला शाखा, तिथल्या एका फोनचा पत्ता १०.५०.३०.२१. मधे वायरगार्ड या व्हीपीएनचा टनल. नाशिकच्या राउटरवर भोसरीकडे जाणारा राउट (रस्त्याची नोंद) टनलमधून आहे आणि तो राउट पलीकडे पिंग लागतंय का बघून चालू-बंद होतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर यासाठी चेक गेटवे लावलेला असतो, कुठे ओएसपीएफ (राउटरनी आपापसात रस्ते कळवायची पद्धत) असतं, परिणाम एकच.

आता गुरुवारी काय होतं ते बघा. भोसरी बंद पडलं, नाशिकचं पिंग अडलं, राउट निघून गेला. पण नाशिकचं फायबर तर चालूच आहे, म्हणजे डिफॉल्ट राउट, खास रस्ता नसलेलं सगळं जिथून जातं तो, जिवंत आहे. फोनला यातलं काही माहीत नसतं, तो आपला यूडीपी (कनेक्शन न जोडता पॅकेट पाठवायची पद्धत) पोर्ट ५०६० वरून पीबीएक्सला हाक मारत राहतो. राउटरला १०.४८.२०.५ कडे जायचा खास रस्ता आता दिसत नाही, म्हणून तो पॅकेट डिफॉल्ट राउटने फायबरवर ढकलतो. फायबरवर जाणाऱ्या सगळ्याला मास्करेड (बाहेर जाताना सोर्सचा पत्ता बदलणारा नॅटचा नियम) लागलेला, म्हणून फोनचा पत्ता पुसून तिथे वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता लिहिला जातो, समजा १००.७२.१४.९, कारण आजकाल बऱ्याच फायबर कनेक्शनवर कॅरियर नॅटमधलाच (नेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवते ते) म्हणजे १००.६४.०.०/१० मधला पत्ता मिळतो (रेघेपुढचा आकडा जितका लहान तितका पत्त्यांचा तुकडा मोठा). पॅकेट इंटरनेटवर जाऊन मरतं, ते ठीक आहे. पण राउटरच्या कनेक्शन टेबलमध्ये एक नोंद होऊन बसते की या फोनचं आणि या पीबीएक्सचं जे काही बोलणं आहे त्यात सोर्स बदलून १००.७२.१४.९ करायचा.

खरी गोम इथे आहे. नॅटचा निर्णय कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटला एकदाच होतो, पुढची सगळी पॅकेटं त्या नोंदीवरून जातात. रस्ता मात्र प्रत्येक पॅकेटला नव्याने बघितला जातो. मग संध्याकाळी टनल परत वर आला, राउट परत आला, फोनचं पुढचं पॅकेट बरोबर टनलमध्ये शिरलं, पण सोर्स म्हणून १००.७२.१४.९ घेऊन. भोसरीच्या वायरगार्डला नाशिककडून फक्त १०.५०.०.० मधले पत्ते येणं मान्य आहे, बाकीचे तो निमूट टाकून देतो. लॉग नाही, एरर नाही, काही नाही. वायरगार्डऐवजी आयपीसेक पॉलिसीवाला टनल असेल (कुठले पत्ते टनलमध्ये जायचे ते पॉलिसी ठरवते) तर थोडं वेगळं होतं, सोर्स पॉलिसीत बसत नाही म्हणून पॅकेट टनलमध्ये शिरतच नाही, उघडंच फायबरवर जातं, म्हणजे फोन तर बंदच आणि वर आतला ट्रॅफिक बाहेर सांडतोय.

मग ही नोंद आपोआप का मरत नाही? मरायला हवी, लिनक्सवर (मायक्रोटिकही आतून लिनक्सच) उत्तर न आलेल्या यूडीपी नोंदीचं आयुष्य ३० सेकंद असतं. पण फोन दर पंधरा-वीस सेकंदांनी काही ना काही पाठवत असतो, आणि प्रत्येक पॅकेट त्या नोंदीचं घड्याळ परत शून्यावर आणतं. म्हणून ती कायमची जिवंत. ज्या फोनमध्ये परत प्रयत्न करायचा वेळ मिनिटभर किंवा जास्त ठेवलाय त्याची नोंद मधे मरते आणि तो फोन सुटतो, एकाच शाखेत काही चालू काही बंद दिसतात ते यामुळे. पिंग प्रत्येक वेळी नवी नोंद करतं म्हणून पिंग चालतं. टॅली टीसीपीवर, म्हणजे आधी कनेक्शन जोडून बोलायच्या पद्धतीवर, ते तुटलं की पुन्हा जोडताना नव्या सोर्स पोर्टवरून जोडतं, म्हणून तेही चालतं. फोन मात्र दोन्ही बाजूला ५०६० हाच पोर्ट धरून बसतो, म्हणून नेमका तोच अडकतो. जुन्या हजेरी मशीन यूडीपी ४३७० वर बोलतात, तिथेही असाच प्रकार होऊ शकतो, फक्त उलट्या बाजूने, कारण तिथे हेड ऑफिसचं सॉफ्टवेअर मशीनला विचारत असतं.

अजून एक गोष्ट जी खूप ठिकाणी डोकं खाते. फोनची वायर काढून दोन मिनिटांनी लावली की काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. जिथे राउटरमध्ये एसआयपी एएलजी, म्हणजे एसआयपी या फोनच्या भाषेतले पत्ते नॅटमध्ये सांभाळणारा हेल्पर, चालू असतो तिथे या नोंदीचं आयुष्य ३० सेकंदांऐवजी एक तास होतं. लिनक्सच्या हेल्परची डीफॉल्ट वेळ ३६०० सेकंद आहे आणि मायक्रोटिकवरही एक तासच. म्हणजे वायर काढून चहा पिऊन आलात तरी नोंद तशीच. शाखांच्या आपापसात नॅट नाहीच, त्यामुळे तिथे या हेल्परची गरजच नसते, तो सरळ बंद करा.

हे सगळं अंदाजाने मानू नका, टेबल उघडून बघा. मायक्रोटिकवर आयपी, फायरवॉल, कनेक्शन्स. पीएफसेन्स फायरवॉलवर डायग्नॉस्टिक्स खाली स्टेट्स. साध्या लिनक्सवर कॉनट्रॅकची (कनेक्शन टेबलचं तिथलं नाव) यादी काढून ५०६० ने गाळा. प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात, जाणारा आणि येणाऱ्या उत्तराचा. चांगल्या फोनची नोंद अशी दिसते:

जाताना १०.५०.३०.२१ कडून १०.४८.२०.५ कडे, उत्तर १०.४८.२०.५ कडून १०.५०.३०.२१ कडे.

आणि अडकलेल्याची अशी:

जाताना १०.५०.३०.२१ कडून १०.४८.२०.५ कडे, उत्तर १०.४८.२०.५ कडून १००.७२.१४.९ कडे, आणि पुढे उत्तर आलं नाही अशी खूण.

उत्तराच्या डेस्टिनेशनमध्ये वॅनचा पत्ता दिसला की निदान पक्कं. तेवढी एक नोंद डिलीट करा, अर्ध्या मिनिटात फोन रजिस्टर होईल. राउटर रीस्टार्ट करायची काही गरज नाही, उलट रीस्टार्टमध्ये फायबर आधी आणि टनल नंतर वर आला तर तीच नोंद परत तयार होते, कधी चालतं कधी नाही ते म्हणूनच.

आता कायमचा इलाज. तीन गोष्टी आहेत आणि मी तिन्ही लावतो, एकाने भागतं असं वाटलं तरी.

पहिली, ब्लॅकहोल राउट. कंपनीच्या सगळ्या खाजगी पत्त्यांसाठी एक ब्लॅकहोल राउट टाकायचा, डिस्टन्स २५४ देऊन, म्हणजे रस्त्यांत सगळ्यात मागचा नंबर. टनलचा राउट जिवंत असेपर्यंत याला कोणी विचारत नाही, टनलचा राउट गेला की पॅकेट डिफॉल्टकडे न जाता इथे येऊन मरतं. राउटिंगमध्येच मेलेल्या पॅकेटची नोंद टेबलमध्ये पक्की होत नाही, म्हणून अडकायला काही उरतच नाही.

दुसरी, फायरवॉलच्या फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटांचे नियम) एक नियम: वॅनमधून बाहेर जाणारं आणि डेस्टिनेशन आपल्या खाजगी पत्त्यांत असलेलं काहीही रिजेक्ट. हा नियम एस्टॅब्लिश्डवाल्या (आधीच चालू असलेली कनेक्शनं सोडणाऱ्या) नियमाच्या वर ठेवा, आणि मायक्रोटिकवर फास्टट्रॅकच्याही (फायरवॉल टाळून पॅकेट पटकन पुढे काढणारा नियम) वर.

तिसरी, मास्करेडच्या नियमात अट घाला की डेस्टिनेशन आपलं नसेल तरच. बहुतेक राउटरवर मास्करेड "वॅनमधून जे जाईल ते" एवढाच असतो, डीफॉल्ट कॉन्फिगरेशनच तसं येतं.

हे लावायला दहा मिनिटं लागतात. तरीही हा प्रॉब्लेम लोकांकडे परत परत येतो, आणि त्याचं कारण फायरवॉलमध्ये नसून पत्त्यांच्या आखणीत असतं, मला मुख्य सांगायचंय ते हेच. वरच्या तिन्ही ठिकाणी मी "आपले खाजगी पत्ते" म्हटलं. ते एका ओळीत लिहिता येतात का? बऱ्याच कंपन्यांत हेड ऑफिस १९२.१६८.१.०, गोडाऊन १९२.१६८.०.०, एका शाखेत कोणीतरी १०.०.०.० टाकलेलं, अजून एक शाखा १७२.१६.५.०, जशी शाखा उघडली तसं त्या वेळच्या माणसाने टाकलेलं. मग ब्लॅकहोल चार, रिजेक्ट चार, मास्करेडच्या अटी चार, आणि हे प्रत्येक शाखेच्या राउटरवर. पाचवी शाखा उघडली की सगळीकडे पाचवी ओळ टाकायची, एका राउटरवर राहून जाते, आणि सहा महिन्यांनी नेमकी त्याच शाखेची तक्रार येते. नियम बरोबर असतात, फक्त अर्धवट असतात.

म्हणून आधी पत्ते. खाजगी वापरासाठी तीनच रेंज आहेत, आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात १९९६ पासून ठरलेल्या: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पूर्ण कंपनीसाठी यातला एकच सलग तुकडा घ्या. मी १०.४८.०.०/१२ घेतो, म्हणजे १०.४८ पासून १०.६३ पर्यंत, सोळा जागा आणि प्रत्येक जागेला पूर्ण /१६. पत्ते वाया जातात अशी हळहळ वाटून घेऊ नका, खाजगी पत्त्यांचं बिल येत नाही.

भोसरी १०.४८, चाकणचं गोडाऊन १०.४९, नाशिक १०.५०, कोल्हापूर १०.५१. तिसरा आकडा सगळीकडे कामाप्रमाणे एकच: १० म्हणजे ऑफिसचे पीसी, २० सर्व्हर, ३० फोन, ४० कॅमेरे आणि डीव्हीआर, ५० हजेरी मशीन आणि प्रिंटर. आणि व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) नंबरही तोच. एवढं केलं की लॉगमध्ये १०.५१.४०.७ दिसलं तर न बघता कळतं की कोल्हापूरचा कॅमेरा बोलतोय. टनलच्या आतल्या पत्त्यांना शेवटचा तुकडा, १०.६३.२५५.०/२४.

हाच तुकडा का? कारण बाकीच्यांवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. १९२.१६८.० आणि १ वर फायबरवाल्यांचे राउटर आणि लोकांच्या घरची वायफाय, म्हणजे कोणी घरून व्हीपीएन लावलं की टक्कर. १९२.१६८.८८ वर मायक्रोटिकचं डीफॉल्ट. १०.८.० वर ओपनव्हीपीएनचं नमुना कॉन्फिगरेशन. १७२.१७ वर डॉकर (सर्व्हरवर प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर), आणि डॉकरवर नवनवीन नेटवर्कं बनत गेली की ते १७२.१८, १७२.१९ करत पुढे सरकतं आणि १७२ संपलं की १९२.१६८ मध्ये शिरतं. १७२.३१ वर एडब्ल्यूएस क्लाउडचं डीफॉल्ट व्हीपीसी (तिथलं खाजगी नेटवर्क). १०.९६.०.०/१२ वर कुबरनेटिसच्या (असे डबे अनेक सर्व्हरवर सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्युबॲडमचं सर्व्हिस नेटवर्क, आज तुमच्याकडे कुबरनेटिस नसेल पण उद्या एखादा व्हेंडर सर्व्हरसोबत घेऊन येईल. १००.६४.०.०/१० रिकामं दिसतं म्हणून तिथे घर बांधायला जाऊ नका, ती रेंज २०१२ मध्ये कॅरियर नॅटसाठी राखून ठेवलीये आणि तुमच्या वॅनवर तीच असायची शक्यता भरपूर. आणि हो, काही लोकल केबलवाले वॅनवरच १० मधला पत्ता देतात, म्हणून आपला तुकडा ठरवायच्या आधी सगळ्या शाखांचे वॅन पत्ते एकदा बघून घ्या. याच कारणाने मी ब्लॅकहोल फक्त आपल्या /१२ लाच लावतो, अख्ख्या १०.०.०.० ला नाही, नाहीतर केबलवाल्याचा डीएनएसच बंद पडायचा.

एसटीडी कोडवरून शाखांना नंबर द्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, नाशिक ०२५३ म्हणून १०.२५३, कोल्हापूर ०२३१ म्हणून १०.२३१, पुणे १०.२०. लक्षात ठेवायला खरंच छान आहे पण करू नका. एक तर साताऱ्याला शाखा निघाली की ०२१६२ बसत नाही, कारण आकडा २५५ च्या वर जात नाही. दुसरं आणि महत्त्वाचं, हे नंबर विखुरलेले आहेत, त्यांना एका ओळीत बांधता येत नाही, आणि आपल्याला सगळा खटाटोप त्या एका ओळीसाठीच करायचाय.

गेस्ट वायफाय मुद्दाम या तुकड्याच्या बाहेर ठेवा, सगळ्या शाखांत एकच १९२.१६८.९०.०/२४ चाललं तरी हरकत नाही. त्याचा टनलमध्ये राउटच नाही, त्यामुळे कोणी नियम चुकवला तरी शाखेतला पाहुणा टनलमधून हेड ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

आता एकाच ओळीचा फायदा बघा. शाखेच्या वायरगार्डमध्ये भोसरीच्या पीअरला (टनलचं पलीकडचं टोक) मान्य पत्ते म्हणून १०.४८.०.०/१२ आणि राउटही तेवढाच एक. भोसरीला प्रत्येक शाखेच्या पीअरला तिचा /१६. नवी शाखा आली तर फक्त भोसरीला एक पीअर वाढतो, बाकी शाखांच्या राउटरना हातही लावायचा नाही. ब्लॅकहोल, रिजेक्ट, मास्करेडची अट, तिन्ही एकेक ओळ आणि कायमची.

यात एक खड्डा आहे तो आधीच बुजवा. नाशिकला १०.५०.७७.० नावाचं नेटवर्कच नाही. पण नाशिकमधल्याच कोणी चुकून १०.५०.७७.५ ला पॅकेट पाठवलं तर नाशिकचा राउटर ते भोसरीला देतो आणि भोसरी म्हणतं १०.५० म्हणजे नाशिक, घे. नाशिककडे ते नेटवर्क नाही, त्याला फक्त "/१२ म्हणजे भोसरी" माहीत, तो परत पाठवतो. पॅकेट टीटीएल (त्याला किती उड्या मारायची परवानगी आहे तो आकडा) संपेपर्यंत टनलमध्ये येरझाऱ्या घालतं, आणि एखादा व्हायरस लागलेला पीसी सगळी रेंज स्कॅन करायला लागला तर लाइन भरून जाते. म्हणून प्रत्येक शाखेत स्वतःच्या /१६ ला अजून एक ब्लॅकहोल टाका. खरी असलेली /२४ नेटवर्कं जास्त नेमकी असल्याने ती चालूच राहतात, नसलेली तिथेच मरतात.

चालू ऑफिसमध्ये पत्ते बदलायचे म्हणजे लोक घाबरतात, पण ते एका रात्रीत करायची गरज नसते. राउटरवर जुना आणि नवा दोन्ही पत्ते काही आठवडे एकत्र ठेवता येतात. आठ-नऊ दिवस आधीच डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, अर्ध्या तासावर आणा (विंडोज सर्व्हरवर ती मुळात आठ दिवसांची असते, तशीच ठेवली तर आठवडाभर जुने पत्ते फिरत राहतील), मग सुट्टीच्या दिवशी स्कोप (वाटायच्या पत्त्यांची रेंज) बदला, पीसी आपोआप सरकतात. खरा वेळ खातात ते हाताने पत्ता दिलेले: प्रिंटर, डीव्हीआर, हजेरी मशीन, आणि टॅलीच्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरचा नंबर लिहून ठेवलेले पीसी. यांची यादी आधी करा, राउटरच्या एआरपी टेबलमधून (कुठला पत्ता कुठल्या यंत्राचा याची यादी) निम्मी तिथेच मिळते. आणि हात लागलाच आहे तर नंबरच्या जागी नाव लिहा, आतल्या वापरासाठी डॉट इंटरनल हे नाव २०२४ मध्ये इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने राखून ठेवलंय, ते बिनधास्त वापरता येतं. छोट्या शाखा आधी, सर्व्हरवालं हेड ऑफिस सगळ्यात शेवटी.

दोन शाखा एकाच १९२.१६८.१.० वर आहेत आणि उद्याच जोडायच्यात अशी वेळ आली तर एकास एक नॅट लावून एकीला दुसऱ्या पत्त्याने दाखवता येतं. पण ते तात्पुरतंच ठेवा. एसआयपीमध्ये पत्ता पॅकेटच्या आतसुद्धा लिहिलेला असतो, तो नॅट बदलत नाही, मग घंटी वाजते आणि आवाज एकाच बाजूने येतो.

शाखा-शाखांमध्ये काय उघडं ठेवायचं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, डीफॉल्ट बंद आणि कामापुरतं उघडं. "सगळी आपलीच माणसं" म्हणून सगळं उघडं ठेवलं की एका शाखेत रॅन्समवेअर आलं तर ते फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून संध्याकाळपर्यंत सगळीकडे असतं. फोनच्या व्हीलॅनला फक्त पीबीएक्स, यूडीपी ५०६० आणि आवाजाचे पोर्ट, ॲस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर ते सहसा १०००० ते २०००० असतात. कॅमेऱ्यांनी कोणाकडेच जायचं नाही, हेड ऑफिसमधून त्यांच्याकडे बघायचं तेवढं व्हिडिओचं पोर्ट ५५४. पीसींना सर्व्हर व्हीलॅनमधले टॅली आणि शेअर, एवढंच. शेवटच्या ड्रॉपच्या आधी एक लॉगचा नियम ठेवा, पहिले काही दिवस तोच सांगतो काय विसरलंय ते.

वरच्या लक्षणांसारखीच दिसणारी पण वेगळी अशी काही दुखणी आहेत, ती पटकन सांगतो.

लॉगिन होतं, फोल्डरची यादी दिसते, पण मोठी फाइल अडकते: हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, दुखणं आहे. वायरगार्ड १५०० च्या लाइनवर १४२० धरतो, पण पीपीपीओईवाल्या (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) फायबरवर लाइनच १४९२ ची असते, तिथे टनलला १४१२ द्या आणि टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) १३७२ वर बांधा. तपासायला तुकडे न करण्याची खूण लावून १३८४ बाइटचं पिंग पाठवा, ते जायला हवं आणि १३८५ चं जायला नको.

स्वतःच्या शाखेतून पीसीला पिंग लागतं, दुसऱ्या शाखेतून नाही: विंडोजची फायरवॉल. फाइल शेअरिंगचे आणि पिंगचे बरेच नियम प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये लोकल सबनेटपुरतेच असतात. स्कोपमध्ये दुसऱ्या शाखेतला जो पत्ता किंवा जी रेंज लागते ती घाला.

एकाच सर्व्हरवरून एकच शाखा दिसत नाही, बाकी सगळीकडून दिसते: त्या सर्व्हरवर डॉकर आहे का बघा, त्याच्या राउट टेबलमध्ये त्या शाखेचा पत्ता डॉकरच्या ब्रिजवर गेलेला सापडेल. डॉकरच्या डीमन कॉन्फिगरेशनमध्ये डीफॉल्ट ॲड्रेस पूल ठरवून देता येतो.

हेड ऑफिसचा पब्लिक पत्ता बदलला की शाखा तुटते आणि परत जोडत नाही: वायरगार्ड पलीकडचं नाव सुरू होताना एकदाच सोडवून (नावावरून पत्ता शोधून) घेतो, नंतर बघत नाही. ठराविक वेळाने नाव परत सोडवणारी छोटी स्क्रिप्ट लावा, किंवा हेड ऑफिसला स्टॅटिक आयपी घ्या, जो कॅरियर नॅटमुळे तसाही लागणारच आहे. कुठल्याच बाजूला पब्लिक पत्ता नसेल तर मधे भाड्याचा एक सर्व्हर ठेवून सगळे टनल तिथे आणावे लागतात.

आणि ज्यांच्याकडे दोन लाइनी आहेत त्यांच्यासाठी, फेलओव्हर झाला की टनल कायमचा अडकतो, हा फोनवाल्या आजाराचाच सख्खा भाऊ. पहिल्या लाइनची राउटरवरची लाइट हिरवीच असते, पण पुढे नेट नाही. राउटर दुसऱ्या लाइनवर जातो, पण वायरगार्डच्या स्वतःच्या यूडीपी पॅकेटांची नोंद पहिल्या लाइनचा पत्ता धरून बसलेली असते, आणि टनल जागा ठेवणारा दर २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह ती मरू देत नाही. इंटरफेस खरोखर पडला असता तर मास्करेडच्या नोंदी साफ झाल्या असत्या, इथे तो पडलेलाच नाही. फेलओव्हरच्या स्क्रिप्टमध्ये वायरगार्डच्या ५१८२० पोर्टच्या नोंदी डिलीट करायची एक ओळ घाला.

सगळं लावून झालं की पुढच्या लाइट जाण्याची वाट बघत बसू नका, मुद्दाम पाडून बघा. संध्याकाळी काम संपल्यावर, फोन चालू ठेवून, भोसरीला नाशिकचा पीअर दहा मिनिटं बंद करा. तेवढ्या वेळात नाशिकच्या वॅनवर पॅकेट कॅप्चर लावा आणि डेस्टिनेशन १०.४८.०.०/१२ ने गाळा, एकही पॅकेट दिसायला नको. दिसलं तर वरच्या तीन नियमांपैकी काहीतरी खाली राहिलंय किंवा फास्टट्रॅक आधी लागतोय. मग पीअर चालू करा, दोन मिनिटं थांबा, कनेक्शन टेबल उघडा आणि ५०६० च्या सगळ्या नोंदींचा उत्तराचा रकाना वाचा, प्रत्येकात १०.५०.३० असायला हवं. हीच टेस्ट नंतर प्रत्येक शाखेला एकदा, आणि राउटर बदलला किंवा त्याचं फर्मवेअर अपडेट केलं की परत एकदा.